डबे वाढले, तराजू गेला

आमच्या घरी ओट्यामागच्या टाइल्सवर कायम एखादी दुधाची पिशवी चिकटलेली असायची. आई पिशवीचा कोपरा कापायची, पण तुकडा पुरता सुटू द्यायची नाही. दूध पातेल्यात ओतलं की पिशवीत घोटभर पाणी घालून हलवायची आणि तेही दुधातच ओतायची. मग पिशवी पुन्हा विसळून, ओली असतानाच थाप मारून टाइलवर. वाळली की ती आपोआप खाली पडे. पडलेल्या पिशव्या सिलिंडरमागे साठायच्या, रद्दी माळ्यावर सुतळीत बांधलेली असायची, तेलाचे पत्र्याचे डबे आणि बाटल्या बाल्कनीच्या कोपऱ्यात. जुन्या कपड्यांचा हिशेब वेगळा. तो बोहारणीशी व्हायचा, आणि एका स्टीलच्या पातेल्याला तीन साड्या की चार, यावर अर्धी दुपार जायची.

कचऱ्याचे असे पाच-सहा वाटे घरात बिनबोभाट होत होते तेव्हा त्याबद्दलचा एकही नियम आईला माहीत नव्हता. पर्यावरण हा शब्द तिच्या तोंडी आलाच असेल तर माझ्या शाळेतल्या निबंधापुरता. महिन्यातून एकदा रद्दीवाला दारात येई, तराजू उचले, आई त्याच्या वजनांवर संशय घेई, तो कुठल्या तरी देवाची शपथ घेई, आणि शेवटी पैसे हातावर पडत. वजनात खोट असायचीच. आईला ते ठाऊक होतं आणि आईला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. तरी व्यवहार दर महिन्याला होई, कारण दोघांच्याही पदरात काहीतरी पडत असे.

आता नियमांना तोटा नाही. २००० साली केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले. ८ एप्रिल २०१६ ला त्यांच्या जागी नवे आले आणि प्रत्येक घरानं कचऱ्याचे तीन भाग करायचे ठरलं: ओला, सुका आणि घरगुती घातक. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनी चार भाग केले: ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’, म्हणजे मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर वगैरे. दर दहा वर्षांनी एक डबा वाढतो आहे. या हिशेबानं माझ्या नातवाच्या स्वयंपाकघरात फक्त डबे राहतील, शेगडीला जागा उरणार नाही.

चेष्टा बाजूला ठेवू, कारण चार भाग करणं चूक नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर सुक्या कचऱ्यात मिसळले की ते कुणाच्या तरी उघड्या बोटांना लागतात, आणि ज्यांना लागतात त्या बायकांनीच हा मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी मागणी पुण्यातल्या कचरावेचकांनी केली होती. पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी पाकिटासोबत ते गुंडाळायला पिशवी द्यावी, असं २०१६ च्या नियमांतही होतं. तुमच्या घरात अशी पिशवी दर पाकिटाला मिळाली का, हे ज्याचं त्यानं आठवावं.

माझं भांडण डब्यांच्या संख्येशी नाही, नियम कुठून लिहायला घेतला आहे याच्याशी आहे. आपण तो स्वयंपाकघरातून सुरू करतो आणि डबा रिकामा झाला की विसरतो. तो भंगाराच्या दुकानातून सुरू करून उलटा घरापर्यंत यायला हवा. दुकानात काय विकलं जातं, काय नाही, जे विकलं जात नाही ते उचलायचे पैसे कोण देतं, हे आधी ठरलं की डबे किती ठेवायचे ते आपसूक ठरेल. हे ठरत नाही तोवर दंडाची पावती आणि जनजागृतीचं पथनाट्य दोन्ही फुकट.

आमच्या गल्लीत विजेच्या डीपीच्या शेजारी एक भिंत आहे. तिथे सकाळी साडेदहाच्या सुमारास एक मावशी दोन मोठ्या गोण्या पसरून बसायची. सात वाजल्यापासून दारोदार फिरून आणलेला सुका कचरा ती तिथे निवडायची. एकदा मी तासभर तिच्याशेजारी बसलो. बसलो म्हणजे उभाच होतो, बसायला जागा नव्हती.

पाण्याची बाटली हातात आली की झाकण फिरवून वेगळं, कारण झाकणाचं प्लास्टिक निराळं. बाटली टाचेखाली चेपून गोणीत. पुठ्ठा चपटा करून ढिगावर. तो कोरडा असेल तर भाव आणि पिझ्झाचं तेल लागलं असेल तर नाही. घरपोच जेवणाचा काळा डबा तिनं वास घेऊन बाजूला ठेवला. धुतलेला असता तर विकला गेला असता, आत बटर चिकन वाळलं होतं. काच वजनाला जड, भावाला हलकी आणि हाताला धोक्याची. दुधाच्या पिशव्यांचा भाव चांगला येतो, पण त्या धुतलेल्या हव्यात, आणि आमच्या सोसायटीतल्या पिशव्यांचं दूध आत नासलेलं होतं. थर्माकोलबद्दल ती म्हणाली ते माझ्या लक्षात राहिलं: “पोतं भरतं, काटा हालत नाही.” मग तिनं वेफर्सचं एक चकचकीत पाकीट उचललं, बोटांत चुरचुर वाजवलं आणि म्हणाली, “याला कुत्रं विचारत नाही, दादा.”

त्या पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही. बिस्किटाचं, शांपूच्या पुडीचं, गुटख्याचं पाकीट, सगळी त्याच कुळातली. चहाचा कागदी कप दिसायला कागद, आतून प्लास्टिकचा थर. तोही कुणी घेत नाही. अकरा-साडेअकराला ती उठली तेव्हा दोन गोण्या भरल्या होत्या. एक भंगाराच्या दुकानात गेली. दुसरी तिनं डोक्यावर घेतली आणि महापालिकेच्या गाडीपर्यंत नेऊन रिकामी केली. पहिलीचे पैसे मिळाले. दुसरीसाठी लागलेला वेळ आणि पाठीला लागलेली कळ फुकट.

‘सुका कचरा’ या दोन शब्दांत या दोन्ही गोण्या बसतात. नियम लिहिणाऱ्याला त्यात एकच निळा डबा दिसतो, तिला दोन गोण्या दिसतात. त्यात आपण सुशिक्षित मंडळी आणखी एक करतो. वर्तमानपत्रं, ऑनलाइन खरेदीचे चांगले खोके, पितळेचा नळ, जुना मिक्सर हे सगळं आपण घरीच बाजूला काढून रद्दीवाल्याला विकतो. साय आपली, ताक तिचं. आणि वर आपणच म्हणतो, या बायका हवं ते घेतात आणि बाकीचं टाकून जातात.

या बायकांची गोष्ट पुण्यात तरी नवी नाही. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव तिच्या पाठीशी होते, एसएनडीटी विद्यापीठातल्या काही शिक्षिका तिच्यामागे होत्या, आणि मुख्य म्हणजे उकिरड्यांवर वेचणाऱ्या हजारो बायका तिच्यात होत्या. त्यांची पहिली लढाई पगारासाठी नव्हतीच. आम्ही चोर नाही, आम्ही काम करतो, हे सांगणारं ओळखपत्र त्यांना हवं होतं, आणि महापालिकेची मोहोर असलेलं ते पत्र त्यांनी नव्वदच्या दशकात मिळवलं. पुढे २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून त्या दारोदार जाऊ लागल्या. महापालिका त्यांना पगार देत नाही. घरोघरचं मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, यावर त्यांचं घर चालतं.

या मांडणीतली मेख अशी की वेचणारीचं पोट वर्गीकरणावर अवलंबून असतं. तुम्ही भाताचं शीत निळ्या डब्यात टाकलंत तर तिचा पुठ्ठा भिजतो आणि तिचे पैसे बुडतात. म्हणून ती दारात उभी राहून भांडते. रोज सकाळी, प्रत्येक दारात, स्वतःच्या पैशांसाठी भांडणारा असा निरीक्षक महापालिकेच्या कुठल्याही आरोग्य कोठीत पगार देऊन मिळणार नाही.

ठेकेदाराच्या गाडीचं गणित नेमकं उलटं. बहुतेक ठेके टनावर असतात. जितकं वजन जास्त तितकं बिल मोठं. ओला-सुका एकत्र केला, त्यात राडारोडा पडला, पावसात भिजला तर वजन वाढतंच. वर्गीकरण केलं आणि पुठ्ठा, बाटल्या मध्येच विकल्या गेल्या तर वजन घटतं. आता या माणसाकडून तुम्ही वर्गीकरणाची अपेक्षा कशी करता? तो दुष्ट नसतो, करारच तसा असतो. लोक तक्रार करतात की आम्ही घरात वेगळं करतो आणि गाडीत सगळं एकत्र होतं. तक्रार खरी असते आणि तिचं उत्तर ड्रायव्हरकडे मागितलं जातं. ते निविदेच्या कागदात शोधायला हवं.

हे मी कोरडं तत्त्वज्ञान सांगत नाही. आमच्या सोसायटीत आम्ही हा प्रयोग स्वतःवर करून घेतला आहे, आणि तेव्हा सेक्रेटरी मीच होतो, त्यामुळे दोष देताना माझ्याकडेच बोट आहे. वार्षिक सभेत एका सभासदानं मुद्दा काढला की सुका कचरा म्हणजे पैसा आहे, तो कचरावेचकांना फुकट का द्यायचा? आपण गोळा करू, आपण विकू, देखभाल खर्चात तेवढीच भर. टाळ्या पडल्या. हाउसकीपिंगच्या ठेक्यात ते काम घातलं, मावशीला ‘उद्यापासून नको’ म्हणून सांगितलं आणि पार्किंगच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली उभी केली.

पहिल्या महिन्यात पुठ्ठा आणि बाटल्या विकल्या, पैसे आले, मी नोटीस बोर्डवर आकडा लावला. दुसऱ्या महिन्यापासून खोलीत जे उरायचं ते उरायला लागलं: पाकिटं, कप, तेलकट डबे, थर्माकोल, तुटक्या चपला, गादीचा कापूस. भंगारवाला येऊन हवं ते उचलायचा, उरलेलं तसंच सोडायचा. महापालिकेची गाडी म्हणायची, तुम्ही स्वतःची व्यवस्था केली आहे ना. चौथ्या महिन्यात खोलीचं दार लागेना. झुरळं झाली, मग उंदीर झाले, मग तळमजल्यावरच्या काकूंनी लेखी तक्रार केली. हाउसकीपिंगच्या पोरांनी एका रात्री ते सगळं भरून कुठे नेलं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढच्या रविवारी मी स्वतः जाऊन मावशीला परत बोलावून आणलं. ती आली, पण शुल्क वाढवून आली, आणि पुठ्ठा कुणी विकणार नाही असं कबूल करून घेऊन आली. तिचा हिशेब पक्का होता. दुसरी गोणी फुकट उचलायची तर पहिली गोणी पुरी तिची.

मला वाटतं स्थानिक नियमात पहिलं कलम हेच असावं: घराच्या दारात आलेल्या सुक्या कचऱ्यावर उचलणाऱ्याचा हक्क. सगळ्याच्या सगळ्या कचऱ्यावर, विकाऊ आणि टाकाऊ दोन्ही. सोसायटीला स्वतः विकायचा असेल तर जरूर विकावा, पण मग वेफर्सच्या पाकिटांचं काय केलं त्याचाही हिशेब द्यावा.

इथे कुणी तरी इंदूरचं नाव घेणार. घ्यायलाच हवं. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात ते सलग सात वेळा पहिलं आलं (सातव्यांदा सुरतेच्या बरोबरीनं). तिथल्या गाडीला वेगवेगळे कप्पे आहेत, मिसळलेला कचरा परत घरात पाठवतात, दंड खरोखर वसूल होतो आणि ५५० टन ओल्या कचऱ्यापासून रोज गॅस बनवण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. मी स्वतः सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता कागदाची डिश जमिनीवर शोधली, सापडली नाही. म्हणजे दराऱ्यानं आणि देखरेखीनं काम होतं, यात शंका नाही.

पण दराऱ्याला रोज कुणीतरी उभं राहावं लागतं. आपल्याकडचं वेंगुर्लं पाहा. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना त्या नगरपरिषदेनं कचरा घरीच वेगळा घ्यायला सुरुवात केली, डेपोच्या जागेवर लोक तिकीट काढून पाहायला येतील असा बगीचा उभा केला, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात घातला. तिकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तरी एवढ्याच आकाराच्या इतर किती नगरपरिषदांनी त्याचं अनुकरण केलं हे पाहिलं की कळतं, एका अधिकाऱ्याच्या अंगातलं वारं शेजारच्या तालुक्यात जात नाही. बदलीचा आदेश निघतो आणि मोहीम मागे राहते. आईच्या रद्दीवाल्याची मात्र कधी बदली झाली नाही. तो पैशांसाठी येत होता.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो माझ्या बाजूवरच आहे. भाव हाच जर वर्गीकरणाचा पाया, तर भाव पडला की काय? तो पडतोच. नवं प्लास्टिक खनिज तेलातून निघतं. तेल स्वस्त झालं की नवे दाणे स्वस्त होतात आणि कारखानदाराला जुनं प्लास्टिक नकोसं होतं. मग भंगारवाला भाव पाडतो, आणि कालपर्यंत पहिल्या गोणीत जाणारी वस्तू आज दुसरीत जाते. २०२० च्या टाळेबंदीत भंगाराची दुकानंच बंद होती. वेचलेला माल घरात रचून बायका बसल्या होत्या. सरकारनंही हातभार लावला. २०२१ मध्ये प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून थेट १८ टक्के केला. एकीकडे वर्गीकरण करा म्हणायचं आणि वर्गीकरण केलेल्या मालावर कर वाढवायचा.

म्हणून नुसता बाजारावर भरवसा ठेवून चालणार नाही. ज्या वस्तूला भाव नाही किंवा जिचा भाव बुडाला आहे, तिला महापालिकेनं किमान भाव बांधून द्यायला हवा, किलोवर, थेट वेचणारीच्या हातात. पैसा कुठून येईल? अर्धा तर आपण आजच खर्च करतो आहोत. दुसऱ्या गोणीतलं प्रत्येक किलो गाडीनं शहराबाहेर न्यायचं, तिथे प्रक्रियेचे किंवा टाकण्याचे पैसे भरायचे, आणि ते जिथे टाकतो तिथल्या माणसांची माफी मागायची, याला खर्च येतोच. पुणेकरांना उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही नावं कचऱ्यामुळेच कळली. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी तीन आठवडे गाड्या अडवल्या. त्या तीन आठवड्यांत पेठेतल्या चौकांची जी दशा झाली ती पाहिलेल्या माणसाला किलोमागे दोन-पाच रुपये महाग वाटणार नाहीत.

उरलेला अर्धा पैसा पाकीट बनवणाऱ्याकडून यायला हवा, आणि कागदावर तो येतोही. २०२२ पासून उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी आहे. त्यांनी बाजारात टाकलेल्या प्लास्टिकएवढ्या पुनर्वापराची प्रमाणपत्रं विकत घ्यायची. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं तपासणी केली तर त्यातली लाखो प्रमाणपत्रं बनावट निघाली. माल न वेचता, न निवडता नुसता कागद विकला गेला. डीपीशेजारच्या मावशीला या व्यवहाराची वार्ताही नाही. या पैशांतला वाटा महापालिकेमार्फत तिच्या वजनकाट्यापर्यंत पोचायला हवा होता. कुठलीही संगणकप्रणाली खोटी पाकिटं वेचू शकते, पण भिंतीशेजारी बसून खरी पाकिटं वेचल्याचं खोटं वजन दाखवणं जास्त अवघड आहे.

आपल्याकडे अनामत रकमेचा उपायही नवा नाही. लिमलेटची आणि सोड्याची काचेची बाटली घरी न्यायची तर दुकानदार पैसे ठेवून घ्यायचा, बाटली परत केली की ते परत. बाटली फुटली तर मार बसायचा. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली दुकानात दिली की परत देतात. जंगलात हत्तींच्या पायांत काचा घुसत होत्या म्हणून हायकोर्टानं हे करायला लावलं. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. दारू प्यायलेल्या माणसाची नागरी जाणीव रातोरात वाढली असं समजायचं कारण नाही. दहा रुपये वाढले होते. गोव्यानंही २०२४ मध्ये अनामत परताव्याची योजना जाहीर केली. महाराष्ट्रानं २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा छापायचा असं ठरवलं होतं. त्यावर दूध संघ, विक्रेते आणि मंत्री यांच्यात चर्चेच्या फेऱ्या झाल्या. माझ्या दूधवाल्यानं मला ५० पैसे अजून दिलेले नाहीत. दिले असते तर ओट्यामागच्या टाइल्स पुन्हा भरल्या असत्या, मला खात्री आहे.

दुकानांबद्दल मात्र आपले नियम जवळजवळ आंधळे आहेत. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणारा तो मोठा निर्माता, त्याच्यासाठी स्वतंत्र कलमं. त्याखालचा सगळा बाजार घरांच्याच यादीत. आता लक्ष्मी रोडवर किंवा कुठल्याही गावच्या बाजारपेठेत उभे राहा. घरचा कचरा सकाळी सातला उचलला जातो. दुकान उघडतं दहाला, बंद होतं रात्री साडेनऊला. कपड्याच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या, मोबाइलवाल्याचे खोके, शिंप्याकडच्या चिंध्या, केशकर्तनालयातले केस, टपरीवरचे शेकडो कप हे सगळं रात्री तयार होतं आणि ते उचलायला कुणी नसतं. दुकानदार शटर ओढतो आणि पोतं फूटपाथवर ठेवतो. रात्री गाय ते फोडते, कुत्री पसरतात, सकाळी झाडूवाल्या बाईच्या वाट्याला एकत्र झालेला ढीग येतो. दुकानदाराला दंड केला की तो विचारतो, मग देऊ कुणाला? याला उत्तर नाही.

बाजारात रात्री नऊ ते अकरा अशी एक फेरी ठेवली तर यातलं निम्मं मिटेल. दुकानाचा पुठ्ठा बहुतेक वेळा तिथला पोऱ्याच विकतो, ती त्याची वरकमाई, तिला हात लावायचं कारण नाही. प्रश्न आहे चिंध्या, कप आणि शहाळ्यांचा. शहाळंवाला दिवसात किती टरफलं साठवतो ते पाहा. त्याचं दुकान म्हणजे एक हातगाडी, पण टरफलं वजनानं एखाद्या लहान हॉटेलच्या कचऱ्याला मागे टाकतील. मंगल कार्यालयाचं आणखी वेगळं. वर्षातले साठ-सत्तर मुहूर्त सोडले तर तिथे कचरा शून्य, आणि मुहूर्ताच्या दिवशी पाव लिटरच्या अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या पोत्यांनी. त्याला रोजची गाडी काय कामाची? त्याच्याकडे लग्नाच्या नोंदवहीवरून गाडी पाठवायला हवी. तारखा सहा महिने आधी माहीत असतात, पंचांगातच छापलेल्या असतात.

शेवटचा मुद्दा जागेचा, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. निवडायला जागा लागते. डोक्यावर पत्रा, पाणी, दिवा, संडास, वजनकाटा आणि माल ठेवायला कुलूप, एवढं असलं की पुरे. कचरावेचकांना सुका माल निवडता येईल अशी पुरेशी जागा स्थानिक संस्थेनं द्यावी, हे २०१६ च्याच नियमांत लिहिलं होतं. प्रत्येक प्रभागाच्या आराखड्यात उद्यान असतं, वाचनालय असतं, नाना-नानी पार्कही असतं. निवडण्याच्या शेडसाठी जागा सुचवली की त्या भागातले रहिवासी सह्यांची मोहीम काढतात, इथे नको, फ्लॅटचे भाव पडतील. मग निवडणं उड्डाणपुलाखाली होतं, नाल्याच्या कडेला होतं, डीपीशेजारी होतं. पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो, भाव निम्मा होतो, आणि पहिल्या गोणीतला माल दुसऱ्या गोणीत जातो.

मध्यंतरी डीपीशेजारची ती भिंत स्वच्छतेच्या मोहिमेत रंगवली. निळ्या आकाशाखाली चार डबे काढले आहेत, हिरवा, निळा, लाल आणि काळा, प्रत्येकाला डोळे आणि हसरं तोंड. चित्र चांगलं काढलंय, मुलांना आवडतं. चित्र खराब होऊ नये म्हणून खाली गोण्या ठेवायला मनाई केली. मावशी आता पलीकडच्या गल्लीत, बंद पडलेल्या पीठगिरणीच्या पायरीवर बसते. तिथे ऊन येतं ते अकरानंतर, म्हणून ती साडेदहाऐवजी नऊलाच बसते, आणि आमच्या मजल्यावर ती पावणेसातलाच येते. त्या वेळी आमच्या घरी डबा बाहेर ठेवलेला नसतो.